साडेचारची ऊब

माझी बोटं बघितली की आमच्या पॅकहाउसातल्या बाया थर्मामीटर बघत नसत. प्रीकूलिंगच्या खोलीत पारा शून्याजवळ आला की माझी बोटं आधी पांढरी व्हायची, मग निळी, आणि बाहेर उन्हात आले की लालभडक. "मोनालीबाईंचा झेंडा लागला गं, क्रेट काढा," म्हणून पोरी खिदळायच्या. मीही हसायचे. मोनाली हे नाव केस पिकलेल्या बाईला शोभत नाही हे मला कळतं, पण आमच्या पिढीत गल्लीगल्लीत एक मोनाली होती, त्याला माझा इलाज नाही.

निफाड तालुक्यातली द्राक्षं त्या खोलीत थंड होऊन मग जहाजावर चढतात. बावीस वर्षं मी ते काम केलं. सुपरवायझर झाल्यावर आत जायची गरज नव्हती, तरी जायचे, कारण दुसऱ्याने केलेलं काम मला पटत नाही. पुढे जे झालं त्यात निम्मा वाटा या स्वभावाचा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग अंगणातून घरात येताना. नाशिकला डॉ. बागूल म्हणून बाई आहेत, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर. वयाने माझ्याहून लहान, पण माझ्यासारख्याच तोंडाळ, त्यामुळे आमचं जमलं.

"रक्तवाहिन्यांना आतून एक अस्तर असतं," त्या म्हणाल्या. "एका पेशीच्या जाडीचं. रक्त जोराने वाहायला लागलं, अस्तराला घासलं, की ते एक वायू सोडतं. नायट्रिक ऑक्साइड. हा वायू म्हणजे निरोप समजा. काही सेकंदच टिकतो. तेवढ्यात भिंतीतल्या स्नायूपर्यंत पोचतो, 'सैल हो' म्हणतो आणि संपतो. स्नायू सैल झाला की वाहिनी रुंदावते, रक्त पुढे जातं, बोट गरम होतं. तुमच्या अस्तराने निरोप धाडायचंच सोडलंय. आधी बोटांतल्या वाहिन्या आवळल्या, आता फुफ्फुसातल्या आवळू लागल्यात."

"मग द्या की तो वायू बाहेरून."

"नुसता देऊन भागत नाही. छातीत कळ आल्यावर जिभेखाली गोळी ठेवतात ना, तिच्यातून हाच वायू निघतो. ती गोळी ज्या रसायनाची, तेच सुरुंगाच्या दारूत असतं. जुन्या काळी त्या कारखान्यांतल्या कामगारांचं सोमवारी डोकं ठणकायचं, कारण ते अंगात जाऊन शिरा फुलायच्या. दोन दिवसांत अंगाला सवय व्हायची. आणि सुट्टीला घरी बसले की काहींच्या छातीत कळा यायच्या, कारण ते मिळेनासं झालेलं असायचं. सतत आलेला निरोप शरीर ऐकत नाही, बाई. योग्य वेळी द्यावा लागतो आणि योग्य वेळी थांबवावा लागतो."

हे वेळेचं गणित सोडवायला आता एक यंत्र निघालं होतं. काडेपेटीएवढी डबी, गळ्याखालच्या हाडाशी कातडीच्या आत बसवतात. मनगटाला एक पट्टा असतो. माणूस जिना चढतोय, गार पाण्यात हात घालतोय, गरम वस्तू धरतोय, कुणाचा आवाज येतोय, हे पट्ट्याला कळतं आणि तो डबीला सांगतो. डबी त्या त्या वेळी मोजून वायू सोडते. पण किती सोडायचा हे डबीला निरोगी माणसाकडून शिकावं लागतं. त्याला ताल घेणं म्हणतात. ताल देणाऱ्याने चाळीस दिवस बोटात एक अंगठी घालायची, आणि काय काय केलं ते वेळेसकट वहीत लिहायचं. अंगठी शिरा कधी उघडल्या ते टिपते, वही का उघडल्या ते सांगते.

"शक्यतो एकाच घरातलं माणूस बघा," डॉक्टर म्हणाल्या. "हवा तीच, पाणी तेच, कामं तीच."

आमच्या घरात माणसं तीन. एक मी. एक माझे मालक रावसाहेब, त्यांना पंधरा वर्षांची साखर, म्हणजे त्यांचंच अस्तर जीर्ण. आणि तिसऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई, रंजनाताई. मोठे दीर गेल्यापासून त्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. घर एक, चुली दोन, आणि आमच्या दोघींत बोलणं म्हणजे "टाकी भरली," "लाइट गेली," एवढंच. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

कारण माझा मुलगा मल्हार. द्राक्षाच्या हंगामात मी पहाटे जायची ती दिवस मावळता यायची, तेव्हा तो ताईंकडे असायचा. त्यांना मोठी आई म्हणायचा. मला ते खुपायचं, पण हंगाम निघायचा. मग तो अकरा वर्षांचा असताना तापाने फणफणला. मी रजा काढून उशाशी बसले, तर त्याने माझा हात झटकला आणि "मोठी आई पाहिजे" म्हणून रडला. त्या जूनमध्ये मी त्याला संगमनेरच्या वसतिगृहात टाकलं. ताईंना बजावलं, त्याच्याशी बोलायचं ते माझ्यासमोर. त्यांनी मान डोलवली. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे तो शिकला, पुण्याला ड्रोन दुरुस्तीच्या कंपनीत लागला, आणि घरी पाहुण्यासारखा येऊ लागला.

ताल कोण देणार यावर आम्ही नवराबायको बोलत होतो, तेव्हा ताई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझा घ्या ना," त्या म्हणाल्या. "माझ्या शिरा चांगल्या आहेत म्हणे. मागं तपासलं होतं."

"कशाला तुम्हाला तरास," मी म्हणाले.

"अंगठीच घालायची ना? जड थोडीच आहे."

त्यांनी चाळीस दिवस अंगठी घातली. वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं. झाडलं. धुणं धुतलं. जिना चढले. साडेचारला चहा घेतला. मी ती वही तेव्हा उघडूनसुद्धा पाहिली नाही.

डबी बसली आणि आठवड्यात माझी बोटं गुलाबी झाली. बाया म्हणाल्या, मोनालीबाईंचा झेंडा उतरला. ताईंना मी साडी नेऊन दिली. "आवडली" म्हणाल्या आणि कपाटात ठेवली. आभार असे मी मानलेच नाहीत, साडीने काम भागवलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी पिंपळगावच्या चौफुलीवर रस्ता ओलांडताना ट्रकने त्यांना उडवलं. मल्हार आला, तेराव्यापर्यंत राहिला. सगळं विधिवत केलं, मुलाच्या नात्याने. माझ्याशी मात्र एक शब्द बोलला नाही. जाताना बापाच्या पाया पडला, आणि माझ्या पाया पडताना हात लागू दिले नाहीत.

चौदाव्या दिवशी मी कामावरून लवकर आले आणि चहा केला. घरात माझा चहा म्हणजे सकाळी एक, बस. दुपारचा कधी घेतच नसे. त्या दिवशी घर सुनं वाटत होतं म्हणून केला. कप हातात घेतला, घड्याळात साडेचार झालेले, आणि माझे दोन्ही हात पेटल्यासारखे गरम झाले. गालांवर ऊब चढली. छातीत काहीतरी मोकळं झालं. आपल्याला आत्ता कुणीतरी फार आवडती बातमी सांगणार आहे, असं वाटायला लागलं. मी कप धरून बसले. बातमी काही आली नाही. पाच-सात मिनिटांनी हात निवले. मी रडले. का रडले ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम लवकर सुटून चहा करू लागले.

हा ताईंचा ताल होता, इतकं मला समजत होतं. मेलेल्या बाईच्या शिरा माझ्या अंगात उघडत होत्या. घाबरायला हवं होतं आणि मी घाबरतही होते. मागच्या खोल्यांना कुलूप होतं, आणि त्यांचा हात माझ्या हातात येऊन बसायचा, पिठाचा, राबलेला, गरम. पण खरं सांगते, असा आनंद मला माझा म्हणून कधी झाला नव्हता. लग्नात नाही, मल्हार झाला तेव्हाही नाही, तेव्हा मी दमलेली होते. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका कपात तो मिळत होता. ताईंना चहा एवढा आवडायचा, मग अकरा वर्षांत मी त्यांना एकदाही करून का दिला नाही, एवढ्याच विचाराने मला अपराधी वाटायचं.

महिन्याभरात मी पाचला दुसरा आणि साडेपाचला तिसरा कप घेऊ लागले. तेव्हा ती ऊब अर्धीच यायची, तरी घ्यायची. अशीच एकदा तिसऱ्या कपानंतर उठले आणि ओट्याशी कोसळले. कपाळाला खोक पडली.

डॉ. बागूलांनी पडद्यावर आलेख काढला.

"चहाने हे होत नाही," त्या म्हणाल्या. "चहाने शिरा थोड्या उघडतात, थोडा वेळ. हा पूर आहे पूर. सगळ्या शिरा एकदम मोकळ्या होतात, दाब खाली येतो आणि तुम्ही पडता. ताईंना सोसायचं, कारण त्यांचं हृदय धडधाकट होतं. तुमचं नाही. चाळीस दिवसांत त्यांनी चाळीस वेळा 'चहा' लिहिलंय. त्यातले चौतीस दिवस असा पूर आहे. सहा दिवस काहीच नाही. उलट शिरा आवळलेल्या आहेत, काही हवं ते न मिळाल्यासारख्या. चहा तोच, वेळ तीच. असं का?"

"कोणते सहा दिवस?"

त्यांनी तारखा वाचल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितल्या. सहाही गुरुवार होते.

गुरुवारी आमच्या पॅकहाउसला सुट्टी असते. गुरुवारी मी घरी असते.

मी तिथेच मल्हारला फोन लावला. तो कामात होता, "काय" एवढंच म्हणाला.

"तू मोठ्या आईला रोज साडेचारला फोन करायचा का?"

तिकडे मशीन बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हो. गुरुवार सोडून. आठ वर्षं. मला मोबाइल मिळाला त्या दिवसापासून. आता काय करशील?"

काय करणार होते मी? डॉक्टरांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. चाळीस दिवस ताईंनी वहीत खरं ते लिहिलं नव्हतं, कारण वही माझ्या हाताला लागली असती. मी ओरडले असते. घरात शांतता राहावी म्हणून त्यांनी माझ्या मुलाच्या आवाजाला चहा असं नाव दिलं, आणि बिचाऱ्या यंत्राने विश्वास ठेवला.

"ही चहाची नोंद पुसता येणार नाही का?" मी विचारलं.

"एकटी नाही पुसता येत," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा. पूर साडेचारला येतो, पण शिरा सकाळपासून थोड्या थोड्या उघडत जातात. दुपारचं जेवण, धुणं, झाडलोट, सगळ्यात ते मिसळलंय. ही बाई दिवसभर साडेचारची वाट बघायची. मी कुठून कापू? नवा ताल घ्यावा लागेल, दुसऱ्या माणसाचा. लवकर. पुढच्या वेळी पडाल तेव्हा खोकेवर भागेलच असं नाही."

मी बघते म्हणाले आणि घरी आले.

फोनवर मी त्याला चहाच्या उबेचं सांगितलं होतं, पडल्याचं नाही. त्या शनिवारी मल्हार आला. न कळवता आला, बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "ते तुझ्या अंगात आहे ना? मोठ्या आईचं? मला दाखव."

साडेचार वाजायला वीस मिनिटं होती. मी चहा ठेवला. आम्ही मायलेक ओट्याजवळ बसलो. कप धरला, ऊब आली, आणि त्याने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याने डोळे मिटले.

"असाच असायचा," तो म्हणाला. "हिवाळ्यात मी तिच्या हाताखाली माझे हात घालायचो. फोनवर म्हणायची, तू बोलतो ना तेव्हा हात गरम होऊ राहिले बघ. मला वाटायचं उगं काहीतरी सांगते."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्याला माझा आवाज ऐकू आला असता, आणि तो हात तिचा राहिला नसता. तो माझ्याकडे आलेला नाही हे मला स्वच्छ कळत होतं. पण आला होता.

मग दर शनिवारी यायला लागला. आठवडाभर मी त्या दहा मिनिटांवर जगायचे. इतर दिवशी चहा बंद केला, शनिवारचा मात्र ठेवला. डॉक्टरांचे फोन यायचे, मी द्राक्षांचा हंगाम सांगायची. रावसाहेबांना म्हटलं, दोन जण शोधतेय ताल द्यायला. कुणालाही शोधत नव्हते. ताल बदलला की शनिवार गेला, हे मला माहीत होतं. आणि शनिवार गेला की मल्हार कशाला येईल? जीव धोक्यात होता, कबूल. पण अकरा वर्षं मी जे तोडत होते ते मरायच्या आत थोडं हाताला लागलं होतं, ते सोडवत नव्हतं.

पाचव्या शनिवारी त्याच्यासमोरच पडले.

शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्यात होते. रावसाहेबांनी त्याला सगळं सांगितलेलं होतं, डॉक्टरांनी उरलेलं. तो पलंगाशी उभा होता.

"तू मरायला बसली, आणि मी तुझा हात धरून मोठ्या आईशी बोलू राहिलो? मला कोण समजली तू? तिला हे आवडलं असतं का?"

"तू येणं बंद करशील," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं, पहिल्यांदाच.

तो खिडकीकडे गेला. परत आला. "माझा ताल घ्या," तो डॉक्टरांना म्हणाला. "चाळीस दिवस मी घरी राहतो. काम घरून करीन."

त्याने अंगठी घातली. गच्चीवरच्या खोलीत त्याने आपलं दुकान मांडलं, टेबलभर ड्रोनचे पंख आणि तारा. मी तेवढे दिवस जपून वागले. त्याच्या आवडीची भरली वांगी केली, तांदळाची खीर केली. एकदाही रागावले नाही. रावसाहेब म्हणाले, तू आजारी तर नाही ना? मी मनाशी म्हणत होते, आता याच्या शिरांत माझ्या नावाची थोडी तरी ऊब नोंदली जाईल, आणि ती मला मिळेल. रंजनाताईंसारखी नाही, पण थोडी.

नवा ताल चढवायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी शेवटचा चहा घेतला. डॉक्टरांची परवानगी होती, अर्धा कप, आणि पलंगावर पडून. ऊब आली. मल्हारने हात धरला. ती ओसरू लागेपर्यंत त्याने तो धरून ठेवला. मग त्याने माझा हात कपाळाला लावला आणि म्हणाला, "येतो गं मोठी आई." त्या बाईला मी घरातल्या घरात अकरा वर्षं उपाशी ठेवलं होतं, आणि शेवटी तिच्याच आनंदावर मी जगले होते. माफी मागायला आता माझ्याच अंगात ती पाच मिनिटं होती. मनातल्या मनात म्हटलं, ताई, चुकलं माझं. हात निवत गेले आणि निवलेच.

दुसऱ्या दिवशी डॉ. बागूलांनी मला आधी एकटीलाच आत बोलावलं. पडद्यावर मल्हारचे चाळीस दिवस होते.

"ताल उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तरुण अस्तर आहे, कुठे पूर नाही. एकच विचारायचंय. त्याच्या वहीत एक नोंद एकशे बारा वेळा आहे. 'आईने हाक मारली.' दर वेळी त्याच्या शिरा आवळतात. थोड्याच, दीड-दोन मिनिटं. तुम्ही रागावून हाक मारता का?"

"नाही हो. जेवायला बोलावते. पाणी आलं म्हणून बोलावते. खालून ओरडावं लागतं, तो गच्चीवर असतो."

"काय म्हणता?"

"मल्हार, म्हणते. आणखी काय म्हणणार?"

आणि ते म्हणतानाच मला मागचं दार दिसलं. तो चार वर्षांचा, सहा वर्षांचा, दहा वर्षांचा, ताईंच्या चुलीशी बसलेला, आणि मी दिवसभराची गारठलेली, या दारातून ओरडतेय, मल्हार! म्हणजे ऊठ तिथून. रोज संध्याकाळी, सगळं बालपण. त्याच्या शिरा बाविसाव्या वर्षीही तेच ऐकत होत्या. वांगी आणि खीर त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"यंत्र शिरा आवळू शकत नाही," डॉक्टर सांगत होत्या, "पण वायू देताना हात आखडता घेऊ शकतं. म्हणजे पट्ट्याने तुमची ती हाक ऐकली की तुमची बोटं पांढरी पडतील. धोका नाही. पण त्रास होईल, आणि रोज होईल. ही नोंद छोटी आहे, सुटी आहे. ही मात्र काढता येते. काढू?"

मी बोटांकडे बघितलं. ताईंचा ताल अजून चालू होता, ती गुलाबी होती.

"त्याला सांगितलंत का हे?" मी विचारलं.

"नाही. त्याने तर फक्त खरं लिहिलंय. तक्रार कुठेच नाही."

"मग राहू द्या," मी म्हणाले. "काढू नका."

"विचार करा."

"केला. त्याला काय होतं ते मला कळायला हवं. एरवी मला कळत नाही, बाई."

डॉक्टरांनी ती नोंद तशीच ठेवली आणि मल्हारला आत बोलावलं.

त्यानंतर आठ दिवस तो घरी थांबला, माझी तब्येत बघायला. दम गेला होता. चहा नुसता चहा झाला होता, गोड आणि गरम. मी एकदाच घेऊन बघितला आणि पुन्हा नाही घेतला. पहिल्या संध्याकाळी सवयीने जिन्याखाली उभी राहून हाक मारली, आणि बोटं अशी गार पडली की हातातलं ताट सुटलं. वरून तो धावत आला. ताट घसरलं, म्हणाले. त्यानंतर रावसाहेबांनाच पाठवायची.

नवव्या दिवशी तो पुण्याला निघणार होता. रावसाहेब सोसायटीत गेले होते. भाकऱ्या झाल्या, पिठलं झालं, गाडीची वेळ होत आली. मी जिन्याखाली गेले. तोंड उघडलं, ते मिटलं. मग कठड्याला धरून एक एक पायरी चढले. हे घर बांधल्यापासून मी त्याला बोलवायला वर गेलेच नव्हते.

खोलीचं दार उघडं होतं. तो पाठमोरा, बॅगेत तारा भरत होता. मी दारात थांबले. पायांचा आवाज ऐकून त्याने वळून बघितलं, आणि मी दिसल्यावर गोंधळला, कारण हाक आलीच नव्हती.

चाळीस दिवसांत असं एकदाही झालेलं नव्हतं. डबीत याची नोंद नव्हती. आई अशी न बोलावता जवळ येऊन उभी राहिली तर शिरांनी काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माझी बोटं गारही पडली नाहीत आणि गरमही झाली नाहीत. मी दारातच उभी राहिले, आणि तो काय म्हणतो याची वाट बघू लागले.